लग्नाच्या दिवशीचा चीक

माझ्या मेव्हणीच्या घरी अजून बोललं जातं की तिची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, अंबरनाथला हाकेच्या अंतरावर असूनही तिच्या लग्नाला बदलापूरला आली नाही. बायको आता नाही. मेव्हणी शिरगावात आहे. हे तिच्यासाठी लिहितो आहे.

माघ सरत आला होता. पहाटे गोधडी सोडवत नसे, दुपारी ऊन चटके देई आणि मध्येच आभाळ भरून येई. कुरडया आमच्याकडे याच दिवसांत होत. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी शिजवून सोऱ्याने उन्हात घालायचा. चीक थांबत नाही, आंबतो. म्हणून आई आधी आभाळ बघायची, मगच गहू भिजवायची.

सासरे बदलापूरजवळ सोनिवलीला शेती करत. घाईत होते, लग्नाची अक्षत त्यांनी मला बाजारातच दिली, घरी आले नाहीत. आईने ती देवापुढे ठेवली. "रस्त्यात दिलेली अक्षत," एवढंच म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

लग्नाच्या सकाळी लख्ख ऊन पडलं. बायको हिरवी साडी नेसून तयार होती.

"सूनबाई, चीक तयार आहे," आई म्हणाली. "आठवडाभर आभाळ होतं, आज उघडलंय. माझ्याच्यानं एकटीनं घाटवायचा नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही बोला ना आईंना."

"दुपारपर्यंत उरकेल. लग्न गोरज मुहूर्तावर आहे. मी नेतो तुला."

तिने पदर खोचला.

दुपारी मी नळावर गेलो. शेजारी निर्वासितांच्या कॅम्पातून राहायला आलेली सिंधी मावशी पापड उलटत होती. "क्या रे बेटा, बहू लगन में नहीं गई? मैंने मांजी को बोला था, बादल में कोई गेहूं भिगोता है क्या? मांजी बोली, तुम अपना पापड देखो."

मी कळशी तशीच ठेवली. गहू भिजले तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं, हे मलाही दिसलं होतं. त्या वर्षी आईने आभाळ नाही, लग्नाची तिथी बघून गहू भिजवले होते.

घरात जाऊन आईला विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला आपला उंबरा दिसला नाही. बघू दे आता लेकीची वाट. बायकोला सांगायचं तर सांग. मग दोघं तिकडंच राहा."

माझ्या आईने मला असं फसवावं! सकाळी दिलेला शब्द तिने माझ्याच तोंडून वदवून घेतला होता. पण ऊन अजून डोक्यावर होतं, गाडी होती, स्टेशन जवळ होतं, आणि मी उठलो नाही. बायको अंगणात कावळे हाकलत बसली होती. कलत्या उन्हाकडे बघून तिने दोनदा विचारलं, "निघायचं ना?" मी म्हटलं, "एवढं वाळू दे."

संध्याकाळी पुन्हा आभाळ आलं. ओल्या कुरडया आत घेताना ती रडत म्हणाली, "आभाळानं घात केला माझा."

मी म्हणालो, "हो ना."

पुढे जन्मभर माघात ढग आले की ती दार लावून घ्यायची. मी एकदाही खरं सांगितलं नाही. त्या साडीच्या पदराला लागलेला चीक वाळून कडक झाला होता. ती तिने धुतली नाही, पुन्हा नेसलीही नाही. पेटीत आहे. मेव्हणीने येऊन बघावी.