दादाचा टाक

माझ्या भावाला मी माझ्या हातानं नदीत फेकलं आहे.

निखिल, तू माझा नातू. एरवी फोन करून झापलं असतं, पण फोटो तू सगळ्यांसमोर टाकलास, तर उत्तरही सगळ्यांसमोर घे.

सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो फोटो डिलीट कर. मिशीवाला, बंदूकवाला. खाली काय लिहिलंस? "शत्रूला पाणी पाजणारे आमचे शालिक आजोबा."

कोण आहे तो माणूस? इंटरनेटवर सापडला म्हणून आपला झाला का?

शालिकदादाला धड मिशीसुद्धा फुटली नव्हती. आणि बंदूक कसली? तो फौजेच्या डॉक्टरी पलटणीत होता. कोरियाच्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवर उचलायचा.

बाबा पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत पेट्या उचलायचे, दादा तिकडे माणसं.

जायच्या आधी सुट्टीवर आला होता. गावच्या विहिरीवर सवर्णांनी त्याला वरूनच पाणी ओतलं. अंगात वर्दी होती तरी. त्यानं ओंजळ धरली, प्यायला. मला अजून राग येतो. त्यांचाही, आणि त्याच्या गप्प बसण्याचाही.

एका जखमीला आणायला गेला आणि तोफगोळा पडला.

घरी इंग्रजी कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला. देह तिकडेच पुरला म्हणे. "फोटो काढून पाठवतो" असं शेवटच्या पत्रात होतं. तो फोटो काही आला नाही.

मग मायनं पायातले तोरडे मोडले आणि सोनाराकडून दादाचा टाक करून घेतला. आजकालच्या पोरांना माहीत नसेल. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवांत ठेवायचे.

सोनार नेहमीसारखा घोडा न् तलवार काढायला बसला.

माय म्हणाली, "घोडा नको, तलवार नको. माह्या पोरानं कोणाले मारलं नाई."

शेवटी त्यानं पाठीवर माणूस घेतलेला माणूस काढला. अंगठ्याएवढा तुकडा. माय रोज पदरानं पुसायची.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मला त्याचा आजही अभिमान आहे, ग्रुपवर कुणी उगाच शहाणपणा शिकवू नये.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, देव नदीत सोडून ये, एकही मागे ठेवू नको. माय कापूस वेचायला गेली होती. मी तेरा वर्षांची, अंगात नवा जोर. भिंतीतल्या देवांच्या देवळीतलं सगळं फडक्यात ओढलं, गाठ मारली. आत काय काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. वर्धा नदीत फेकलं आणि सुटलो एकदाचे म्हणत घरी आले.

संध्याकाळी माय आली. रिकामी देवळी पाहिली.

"शालिक कुठी हाय?"

मीच सांगितलं.

वाटलं, आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "देव सोड म्हनलं होतं. पोराले सोड म्हून कोन सांगतलं तुले?"

तीन दिवस ती कमरेएवढ्या पाण्यात पायानं चाचपत होती.

काठावर आमचीच माणसं हसली. बाईचे देव अजून सुटत नाहीत म्हणे. समाजाच्या बैठकीत बाबांना जाब विचारला. "आत काय आहे ते न बघता पोरीला मीच पाठवलं", एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मायच उभी राहिली. "देव नाई शोधून राह्यली मी. पोरगं शोधून राह्यली."

नाही सापडलं.

त्यानंतर ती मला कधी रागावली नाही. जेवू घालायची, वेणी घालायची. पण वर्धेच्या पुलावरून आमची गाडी निघाली की माझ्याकडे पाठ करून बसायची. मरेपर्यंत.

तर निखिल, तो फोटो काढ. दादाचा चेहरा आपल्याजवळ नाही. होती ती खूणही माझ्यामुळे गेली. ती जागा रिकामीच राहू दे, तिथे कुणी बंदूकवाला आणून बसवायचा नाही.

लिहायचंच असेल तर मायनं सांगितलं तेच लिही. शालिक. त्यानं कोणाले मारलं नाई.

दादा, माझं चुकलं.

जय भीम.