परतूरच्या परदेशवाल्या वकीलबाई

ज्योत्स्ना खंदारेला पहिलीत मीच घातलं. खरं सांगायचं तर तिनं मला घालायला लावलं. कुंभार पिंपळगावच्या पुढं चार किलोमीटरवर आमची वस्ती, तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली. त्या काळात जन्माचा दाखला कुणाकडंच नसायचा. बापानं पोरगं आणून उभं केलं की मी म्हणायचो, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, नाव दाखल, जन्मतारीख एक जून. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. ज्योत्स्नाचा हात चार बोटं कमी पडला. तिचा बाप वसंता, मजुरीवर जाणारा गरीब माणूस, "चल बाई घरी" म्हणून निघालासुद्धा. पोरगी हलेना. तिनं मान अशी वाकडी केली की कानच हाताकडं आला, आणि वर मलाच विचारलं, "लागला का न्हाई, गुरुजी?" मी हसलो आणि नाव घातलं. तिला सनद मिळाली पुढं वीस वर्षांनी, पण तिची वकिली मी त्या दिवसापासून धरतो.

औरंगाबादला कायदा शिकून ती परतूरच्या कोर्टात एका जुन्या वकिलाच्या हाताखाली लागली. बांधाची भांडणं, फारकती, नावातली दुरुस्ती, असली कामं तीन वर्षं केली. मग मुंबईला गेली. तिथं एका कचेरीत फक्त परदेशी जाणाऱ्यांचे कागद बघत. सहा वर्षं तिनं तिथं लोकांचे नाकारलेले अर्ज वाचले. ती म्हणते, मंजूर झालेल्या अर्जातून काही शिकता येत नाही, नाकारलेलाच सगळं शिकवतो. आणि एक दिवस बाई परतूरला परत! बियाण्यांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि पाटी लावली, 'पासपोर्ट, व्हिसा व परदेशगमनाची कामे'.

लोकांना आयतंच निमित्त मिळालं. "आपल्याला परभणीची गाडी टायमावर भेटना, अन् ही लोकं अमेरिकेला धाडून राह्यली," असं चहाच्या टपरीवर चालायचं. त्या लोकांत मीही होतो, लपवत नाही. पहिले चार महिने जिना चढून जो कोणी यायचा तो सरकीचा भाव विचारायचा. मग मिथुन नावाचा एक क्रेन चालवणारा पोरगा आला. आखाती देशात नोकरी लागली होती, उद्या सही करायची होती. ज्योत्स्नानं त्याचा करारनामा दोनदा वाचला आणि म्हणाली, "यात परत येण्याचं काहीच लिहिलेलं नाही. जाशील बराबर, येशील कसा?" तिनं करार बदलून घेतला. मिथुन गेला, दोन वर्षांनी राजीखुशी आला आणि स्वतःमागं अकरा जण तिच्याकडं पाठवले. मग जर्मनीला जाणारी नर्स आली, ऑस्ट्रेलियातल्या नवऱ्याकडं निघालेली घनसावंगीची सून आली. आज तेरा वर्षं झाली. जिन्यावर बसायला जागा नसते आणि टपरीवरचे तेच लोक आता "आपली ज्योत्स्ना" म्हणतात. मीही म्हणतो.

तिची कामाची रीत एकच. पक्षकाराची सगळी हकिकत ती आधी मराठीत एका कागदावर लिहिते आणि त्याला वाचून दाखवते. प्रत्येक ओळीला त्यानं मान हलवायची. जिथं मान हलत नाही तिथं ती थांबते. "खरं कितीबी येडंवाकडं असू द्या, मी मांडते. खोटा कागद एक बी चालणार न्हाई," हे तिचं वाक्य जिन्यापर्यंत ऐकू येतं.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या वस्तीवरचे रामकिसन आणि सोनूबाई तो जिना चढले. त्यांची एकुलती एक लेक संध्या कॅनडात नोकरीला. दोनदा पोटातलं गेलेलं, तिसऱ्यांदा दिवस राहिलेले, सातवा सरत आलेला. सासू हयात नाही. सप्टेंबरात बाळंतपण, आणि रोज फोनवर एकच, आई तू कधी येतेस? सोनूबाईचा व्हिसाचा अर्ज मात्र नाकारला गेला होता. कारण असं की कागदावर सोनूबाईचा जन्म एक जानेवारी शहात्तरचा आणि संध्याचा एक जून अठ्ठ्याऐंशीचा. लेकीहून आई साडेबारा वर्षांनी मोठी! तिकडच्या अधिकाऱ्याला हे नातंच पटलं नाही. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आईचं वय आधार कार्डवाल्यानं अंदाजानं टाकलेलं, आणि लेकीचं मी.

रामकिसन हळूच म्हणाला, "एकजण हाय वकीलबाई. पाहिजे त्या तारखेचा दाखला पाच दिवसात देतो म्हणून राह्यला."

"काका, तो कागद पकडला गेला तर मावशीला पाच वर्षं तिकडचं दार बंद," ज्योत्स्ना म्हणाली. "अन् रक्ताची डीएनए तपासणी करून नातं सिद्ध करायचं म्हटलं तर त्यातच दीड महिना जाईल. तारीख कशी पडली तेच आपण खरंखरं सांगू. ती ज्यानं टाकली तो माणूस जिता हाय."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर. मी हाताच्या अंदाजानं तारखा लिहायचो, असं शंभराच्या स्टॅम्पावर लिहून द्या म्हणाली. माझं टाळकंच सरकलं. एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही, तालुक्याचा आदर्श शिक्षक म्हणून माझा सत्कार झालेला, आणि मी स्टॅम्पावर लिहून देऊ की मी ठोकून दिलं? "तुला मी शाळेत घेतलं हीच माझी चूक झाली," असं तोंडातून गेलं.

"चुकलं म्हणून कोण म्हणून राह्यलं, गुरुजी? कसं केलं तेवढं लिहा."

मी उठून आत गेलो. पोरीला चहाही विचारला नाही, याची अजून लाज वाटते. दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी आमची गिरिजाबाई ताट आदळून म्हणाली, "तिकडं एका मायची लेक वाट पाहून राह्यली, अन् तुम्हाला रजिस्टराची पडली! जा जल्दी." मी सकाळच्या जीपनं निघालो.

परतूरला पोचलो तर सोनूबाई आधीच बसलेली. ज्योत्स्नानं कागद पुढं ओढला आणि मला सवाल सुरू केले. दोन तास! एवढी उलटतपासणी मी एखाद्या पोराची परीक्षेतसुद्धा घेतली नसेल. कान कसा धरायला लावायचो, किती पोरं, एक जूनच का, सगळं झालं. मग तिनं विचारलं, "हीच संध्याची आई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? अख्ख्या वस्तीला माहीत हाय."

"वस्तीचं सोडा. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं?"

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात ते सगळं डोळ्यांपुढं आलं. संध्याचे हात लांब. पहिल्या झटक्यात कान धरला तिनं. पण शाळा सुरू झाली आणि पोरगी रडायला लागली, दुपारी फळ्याखालीच झोपायची. सोनूबाई खुरपणी सोडून महिनाभर शाळेबाहेरच्या लिंबाखाली बसली. आणि मधल्या सुट्टीत संध्या धावत जायची, तिच्या पदरात शिरायची आणि प्यायची. मी आपला भला माणूस म्हणून तोंड फिरवून घ्यायचो. सहा वर्षांची पोर अंगावर पीत नाही, एवढं मला तेव्हा कळायला नको? साडेचार वर्षांची असेल ती फार तर.

हे मी सांगितलं तेव्हा सोनूबाईनं पदर तोंडावर घेतला. लाजून हसत होती की रडत होती, कळलं नाही. ज्योत्स्ना लिहायची थांबली. मग तिनं ते तसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी मान हलवली, सोनूबाईनंही हलवली. मी सही केली. कमीपणा वाटेल असं वाटलं होतं, पण तसलं काही झालं नाही. उलट फार हलकं वाटलं.

सोबत शाळेतून त्या वर्षीच्या रजिस्टराच्या पानाची नक्कल घेतली. चौतीस पोरं, त्यातली तेहतीस एक जूनची. उरलेला एक तलाठ्याचा पोरगा, त्याचा बाप दाखला घेऊन आल्ता. ते पान बघून ज्योत्स्ना इतकी हसली की खालचा बियाणेवाला वर बघायला आला. सगळ्याचं इंग्रजी करून तिनं संध्याकडं पाठवलं, संध्यानं अर्ज पुन्हा भरला. पुढचे चोवीस दिवस सोनूबाई देवाला विचारत होती आणि मी रोज ज्योत्स्नाला. पंचविसाव्या दिवशी मंजुरी आली. डिंकाचे लाडू, बाळाची झबली आणि सोनूबाई, तिघंही मुंबईच्या विमानतळावर वजनकाट्यावरून सुखरूप पार झाली.

सप्टेंबरात एका गुरुवारी मी परतूरच्या कचेरीतच होतो. आता दर गुरुवारी जावं लागतं, माझ्या तारखांची बरीच पोरं जगभर अडकून पडलेली आहेत. तेवढ्यात फोन वाजला. ज्योत्स्नानं आवाज मोठा केला. आधी सोनूबाई बोलली, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत म्हणाली. मग फोन संध्याकडं गेला. आवाज थकलेला होता.

"गुरुजी, आई आली," ती म्हणाली. "आत माझ्याजवळच होती."

मी नुसता "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिलो. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. ज्योत्स्नानं फोन ठेवला आणि लगेच तोच उचलून दुसरा नंबर लावला.

"आई, मी दुपारी घरी येते जेवायला," ती म्हणाली. "न्हाई गं, काम काहीच न्हाई."

जिन्यावर तेव्हा सात माणसं बसलेली होती.