नटाची तार

“त्या नटाला तार मी बांधली होती,” बाबा एकदाच म्हणाले होते. मी तेव्हा दहावीत होते. ते हवाई दलात फिटर होते आणि त्यांनी तपासलेलं एक विमान वैमानिकासकट परत आलं नव्हतं. नट ढिला होऊ नये म्हणून त्याला बारीक तार बांधतात.

बाबा आता नाहीत. त्या विमानाचं मॉडेल मी वर्षभर चौलच्या घरी करतेय, हे आपल्या मॉडेलच्या ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेपटीतल्या नटाला केसाएवढी तांब्याची तारही बांधलीय.

आज सकाळी आपल्या ग्रुपमधल्या सुहासदादांचा फोन आला. “ताई, पेढे काढा! तुमच्या विमानाच्या अपघाताच्या चौकशीचा कागद मिळाला!”

फोटो आला. शेपटीतला नट निघाला होता, त्याला तार बांधलेलीच नव्हती. खाली उड्डाणाआधी विमान तपासणाऱ्या फिटरची सही. दादांना ती ओळखता आली नाही. मला आली.

“काय गं, मिळालं का ह्यांच्या विमानाचं काही?” आईने सुपाऱ्या सोलता सोलता विचारलं. मी नाही म्हटलं. मग चिमटा घेऊन मॉडेलवरची तार काढायला बसले, पण न काढताच चिमटा खाली ठेवला.

रविवारच्या प्रदर्शनात दादा तो कागद मोठा करून मॉडेलशेजारी लावणार आहेत. आई येणार आहे. ती सही तीही ओळखेल.

सापडलेली नोंद लपवायची नाही, हा आपल्या ग्रुपचा नियम मीच लिहिलाय. त्यावरून तुमच्याशी भांडलेही आहे.

तरी विचारते. दादा, रविवारी आई तिथे आहे तोवर तो कागद नाही लावला तर चालेल का?