वन्संचा धवला

अशी जवळ ये गं, आधी तुझा कान धरू दे. मघाशी चहा पिता पिता माझ्या नणंदेला ‘बिचारी’ म्हणालीस ना? म्हणालीस ते म्हणालीस, परत म्हणू नकोस. पनवेलपासून उरणपर्यंत आमच्या वन्संना बिचारी म्हणून सुखरूप घरी गेलेलं माणूस मला अजून भेटायचंय.

बेलपाड्याच्या या वन्सं म्हणजे आम्हा आगऱ्यांतल्या धवलारीण. धवला म्हणजे आमचं लग्नातलं गाणं. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक कामाला त्याचा त्याचा धवला, आणि तो पुरा झाल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही. त्यामुळे लग्नघरात वन्सं म्हणजे सिग्नलवरचा पोलीस. एकदा नवऱ्यामुलाच्या मामाने घाईघाईत हळदीच्या वाटीत बोट बुडवलं, तर वन्संनी गाणं न थांबवता, त्याच चालीत त्याचं नाव गुंफून असा उद्धार केला की तो मामा पुढे कित्येक वर्षं प्रत्येक हळदीत सर्वांत शेवटी उभा असायचा.

मग गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं. उजवा हातपाय लुळा पडला आणि शब्द ओठांवर येऊन अडायला लागला. व्यायाम करून करून काठीवर चालायला लागल्या खऱ्या, पण लोक फार प्रेमळ असतात बघ. वन्सं कुठे गेल्या की कुणीतरी पंख्याखाली प्लास्टिकची खुर्ची ठेवणारच. त्या खुर्चीशी यांनी वैर धरलं. आपली पिशवी तिच्यावर ठेवायची आणि आपण शेजारी काठी टेकून उभं राहायचं. “ती... दमली आसंल,” पिशवीकडे बघून म्हणायच्या. त्याहून राग वाक्य पुरं करून देणाऱ्यांचा. त्या “मना...” म्हणून अडल्या की सून धावत पाण्याचा तांब्या आणी. वन्संना हवे असायचे बोंबील.

नेऱ्याला माझ्या पुतणीची हळद होती. घरच्यांनी परस्पर ठरवलं, दुसरी धवलारीण बोलवू, वन्संना नुसतं बसवू. हे कळलं तेव्हा एकेक शब्द शोधत मला म्हणाल्या, “वयनी, आज बसली... तर परत... कोन उटवनार नाय.” बोलायची ही तऱ्हा, तर गाणार कशा?

मांडवात पिशवी खुर्चीवर बसली आणि वन्सं नवरीजवळ उभ्या राहिल्या. दुसरी तोंड उघडणार तोच यांनी सुरुवात केली. आवाज जुनाच, खणखणीत. चालीवर चढले की शब्दही बोलण्यापेक्षा सरळ येत होते. आणि मधेच एका ओळीवर गाडी अडली. नवरीची आई हळदीचा हात अधांतरी धरून उभी, डीजेवाला बटणावर बोट ठेवून उभा. दुसरीने हळूच पुढचा शब्द पुरवला, तर वन्संनी काठी आपटली. पण ती बाई शहाणी. शब्द देणं सोडलं आणि मागचीच ओळ परत धरली. सगळ्या बायांनी ती झेलली, परत झेलली, मांडवभर तीच ओळ फिरत राहिली आणि वन्सं डोळे मिटून शोधत राहिल्या. शेवटी सापडला शब्द. धवला पुरा केला, तेव्हा कुठे हळद लागली. आणि जेवताना त्याच बायांना झापलं, “एवडं... लांबवलात कशाला? मना... येत व्हता.”

आता लोक दोघींना मिळूनच बोलावतात. दम लवकर लागतो वन्संना, पूर्वीसारखी सगळी लग्नं होत नाहीत. वाटीत बोट बुडवणाऱ्या त्या मामाचं नाव तर त्यांना अजून सापडलेलं नाही. हळदीत तो आता आपणहून पुढे येतो, वाटीपाशी बोट नेतो आणि त्या नाव घेऊन उद्धार करतील याची वाट बघत उभा राहतो.

तू जाऊन ये गं बेलपाड्याला, लवकर जा. ओळखतात त्या तुला, पण दारात उभी राहिलीस की तुझ्याकडे बघत बसतील, बराच वेळ बघतील. तेव्हा आपलं नाव सांगू नकोस. थांब जरा. त्या शोधतील.