बाबांना उशीर व्हायचा तो घाट

चार वर्षं मी मायला म्हणत होतो, "सुट्टी मिळाली की नेतो." कचेरीतली कारकुनी अशी, की रविवारीसुद्धा कागद घरी यायचे. शेवटी यंदा नाताळात तीन दिवस मोकळे मिळाले. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मित्रानं, वासुदेवनं, साइडकारची मोटारसायकल दिली आणि मी मायला म्हणालो, "चल."

मायला देवदर्शन नको होतं. तिला शिवनीच्या वाटेवरचा कुरईचा घाट पाहायचा होता. माझे वडील गाडीवान. नागपूरहून लुगड्यांचे गठ्ठे बैलगाडीनं शिवनीला पोचवायचे. परतताना दरवेळी ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागायचे. विचारलं की उत्तर एकच, "घाटात वेळ गेला." त्यावर, वाटेत दुसरी बाई असेल, असं शेजारणी कुजबुजायच्या; ते मीही ऐकलं होतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण मायच्या मनातून ते गेलं नव्हतं.

उजाडता उजाडता निघालो. माय काष्टा घट्ट करून, डोक्यावरून घोंगडी घेऊन साइडकारमध्ये बसली. कामठीच्या छावणीपाशी दोन शिपाई आम्हाला पाहून हसले.

"हसू दे गा," माय म्हणाली, "त्यायच्या मायनं पाहिली नसन अशी गाडी."

तुम्हाला जायचं असेल तर पेट्रोल कामठीतच भरा आणि एक डबा जास्तीचा ठेवा; पुढे भरवसा नाही. थंडीत कन्हानच्या पुलावर वारा हाडात शिरतो, कोटाच्या आत जुनी वर्तमानपत्रं घाला. मनसरला मँगनीजच्या खाणींची काळी धूळ तोंडावर बसते. उजवीकडे रामटेकची टेकडी दिसली, मायनं बसल्या बसल्याच हात जोडले. देवलापारला विहिरीजवळ शिदोरी सोडली. सोबत भिवापुरी मिरचीचा ठेचा होता; दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

मग सागाचं जंगल, खवासा, आणि घाट. रस्ता एकदम वळू लागला. प्रत्येक वळणावर माय म्हणे, "थांबव."

"काहून?"

"पाहू दे. इथं कायचा वेळ लागन? गाडी तं मस्त चढून राहिली."

माथ्याजवळ आलो तशी ती वळून मागचा रस्ता पाहू लागली. घाट इतक्या लवकर संपेल असं तिला वाटलं नसावं.

वर कडबा विकणारा एक म्हातारा बसला होता. मूळचा रामटेककडचा. मी पाणी मागितलं. मायनं बाबांचं नाव घेऊन सरळ विचारलं, "दादा, महादू गाडीवान ठाऊक होता का तुमाले? नागपूरचा?"

"महादू? तो तं माह्या या ओट्यावर दोन-दोन दिवस बसून राहे."

"काहून?" मायनं साइडकारची कड घट्ट धरली होती.

"उताराची भीती होती त्याले, बाई. एक गाडी बैलांसकट खाली गेलेली पाहिली होती त्यानं. तवापासून वरतून गाडी हाकेच ना. दोघं गाडीवान असलेली गाडी आली, की त्यातला एक महादूची गाडी उतरवून दे. अन् हा मागून पायी. कोणाले सांगू नका म्हणे."

माय पाणी प्यायली, तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "तू गाडी घेऊन मागून ये."

ती चालत उतरू लागली. मी इंजिन बंद करून, ब्रेकवर पाय ठेवून तिच्यामागे. बांबूत वानरं उड्या मारत होती. एका वळणावर ती अगदी कडेला जाऊन वाकली. मी ब्रेक दाबून गाडी थांबवली.

"लय खोल आहे गा," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

खाली पोचायला दोन तास लागले. मुक्काम खवाशाच्या धर्मशाळेत केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. एवढ्याशा प्रवासाला मी चार वर्षं लावली, ही गोष्ट अजून टोचते.

शेजारची काकू लगेच आली. "काय पाहिलं वं?" मायनं तिला वानरं सांगितली, खाणी सांगितल्या, शिपाई सांगितले. बाबांचं नाव काढलं नाही.

काकू गेल्यावर घोंगडी झटकता झटकता तिनं मला विचारलं, "मले सांगितलं असतं तुह्या बाबानं, तं मी हसली असती का गा?"

मी 'नाही' म्हणणार होतो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हसली असती," ती म्हणाली.