मुक्कु, अम्मा, मुक्कु!

रागावणं ही कला असेल, तर आमच्या अक्कांसारखा कलावंत अख्ख्या बंगळूरात झाला नाही. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा मी रीतीप्रमाणे ‘वन्सं’ म्हणाले, तर ताडकन उत्तर आलं, “वन्संबिन्सं नको. मी कुणाला छळायला रिकामी नाही. अक्का म्हण.” पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात मुरलेलं घराणं, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. अक्का दूधवाल्यावर मराठीत चिडत, बसच्या कंडक्टरवर कानडीत, आणि जयनगरात नवी घरं बांधणाऱ्यांवर दोन्हींत, कारण म्हणे त्या घरांत बाळंतिणीची खोलीच नव्हती!

अक्का एका मोठ्या इस्पितळात नर्सिंगच्या मुलींना बाळंतपण करायला शिकवत. तिथे परदेशातून एक फिल्म आली, पहिल्या कळेपासून नाळ कापेपर्यंतची. मशीन चालवणारा पुरुष, म्हणून अक्कांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पडद्यावर बाळाचं डोकं दिसू लागलं की अक्का ओरडत, “निल्सप्पा!” म्हणजे थांबव रे बाबा. चित्र थांबलं की एकेकीला उभं करत. “हां, आता तुझा हात कुठं? आणि बाईला काय सांगशील? ती काय पोस्टाची पेटी आहे, न बोलता हात घालायला?” चुकलं की फिल्म मागे, पुन्हा तेच. एक दिवस थांबलेल्या चित्राला मशीनच्या दिव्याची धग लागली आणि बरोबर डोक्याच्या जागी भोक पडलं. मोठे डॉक्टर संतापले. यापुढे फिल्म सलग चालेल, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही, असा हुकूम निघाला. अक्का म्हणाल्या, “फिल्म जळली तर दुसरी येईल. बाई फाटली तर कुठून मागवू?” पण ऐकतो कोण! मुली सिनेमाला आल्यासारख्या बघून उठून जाऊ लागल्या.

नेमके तेव्हाच माझे दिवस भरले. त्याच इस्पितळात माझ्यापाशी अक्कांची जी शिकाऊ मुलगी होती तिला फिल्म तोंडपाठ, पण समोरच्या बाईशी बोलायची सवय नाही. ती सारखी ओरडे, “मुक्कु, अम्मा, मुक्कु!” कानडीत त्याचा अर्थ, जोर कर. मला पुणेकरणीला ऐकू आलं, मुकी राहा! कळ आली की मी अंग आखडून, ओठ चावून गप्प. ती जितकी ओरडे तितकी मी आणखी गप्प. बाळाचे ठोके मंदावले, तशी अक्कांना हाक गेली. अक्का आल्या, तिचं ‘मुक्कु’ ऐकलं, माझं तोंड पाहिलं आणि कडाडल्या, “अगं, जोर कर म्हणतेय ती! ओरड! सगळ्या बंगळूरला ऐकू जाऊ दे!” मी ओरडले. लेक झाली, तीही ओरडली.

अक्का तशाच ॲप्रनवर मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. “तुमच्या फिल्मनं मुलींना गप्प बसवलं, आणि मुलींनी माझ्या भावजयीला!” पुढच्या आठवड्यात फिल्म पुन्हा थांबू लागली, आणि आता पहिला प्रश्न असे, बाईची भाषा कोणती? पण मी म्हणते, एवढी साधी गोष्ट कळायला माझ्या लेकीचा जीव टांगणीला लागायला हवा होता? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी अक्का खाटेशी येऊन बसल्या. “घरात एवढी बडबडतेस, तिथंच कशी गं गप्प राहिलीस?”

“वाटलं, इकडची रीत असेल,” मी म्हणाले. “सासरच्या माणसांच्या कानावर जाईल असं ओरडायचं नसेल.”

अक्का माझ्या कपाळावरचे केस मागे सारत बसून राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावला आणि खिडकी उघडी ठेवून धूळ आत घेणाऱ्या आयेवर चिडल्या. खिडकी बंद होती.

अक्का गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. हल्ली माझं काही दुखलंखुपलं तर सगळे फार गोड बोलतात. चिडत मात्र कुणीच नाही.