अम्मांच्या फोनातल्या दोन ओळी

आमच्या घरातल्या साध्या, बटणांच्या फोनने माझा जितका जीव खाल्ला आहे, तितका कुणा माणसाने खाल्ला नसेल. फोन सासूबाईंचा. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. त्यांच्या कित्येक पिढ्या तंजावरात गेल्या. घरात मराठी बोलतात, पण वाचतात फक्त तमिळ. मी साताऱ्याची. लग्न करून इकडे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला येऊन इतकी वर्षं झाली, भाजीवाल्याशी तमिळमध्ये तावातावाने भांडते, पण अक्षर म्हणाल तर शून्य. आणि फोन तमिळमध्ये! एकदा मी तो इंग्रजीत करून ठेवला, तर अम्मांनी दिवसभर अबोला धरला. पुन्हा कोण जातंय त्या वाटेला?

तर त्या फोनवरच्या नेटवर्कच्या काड्या गेल्या. काड्यांच्या जागी एक बारीकशी फुली. मला ती दिसली तोवर काड्या जाऊन किती दिवस झाले होते, देव जाणे.

दुसरं काही असतं तर मी हात झटकले असते. पण रोज दिवेलागणीला तंजावरहून अम्मांच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. अम्मा थोरल्या, म्हणून धाकटीने करायचा आणि थोरलीने घ्यायचा, हा त्या दोघींचा नेम. गेल्या महिन्यात धाकटीच्या नातवाचं लग्न झालं. कुळदेवीची ओटी घरातल्या थोरलीने भरायची असते. आमची गाडी उशिरा पोचली, मुहूर्त थांबेना, म्हणून धाकटीने स्वतःच भरली. घरी आल्यावर अम्मा तिला फोनवर बोलल्या, "मी मेले असंच समजलीस की काय?" पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर दिवेलागणीला घरात नुसती समईच लागत होती.

फुली दाखवून मी म्हटलं, "अम्मा, अहो, याला रेंजच नाही!" तर त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "बघ, मी म्हणले नाही? ती रोज फोन करूलाली असंल. लागत नसंल," म्हणाल्या.

करत असेल तर करू दे बिचारी, पण लागायला तर हवा! मी माझ्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, सेटिंगमध्ये जा, नेटवर्क निवडीत दोन ओळी असतील, एक आपोआप आणि एक हाताने. आपोआपवर दाबा. झालं, इतकं सोपं. मी म्हटलं, बाई, तू ये ना दाबायला.

दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. वाचायचं अम्मांनी, बटणं दाबायची मी. आंधळ्या-पांगळ्याची जोडी जत्रेला निघाली. अम्मा चष्मा पुसणार, एक ओळ वाचणार, मग मध्येच, "कुकरची शिट्टी झाली का?" कुकर चढवलेलाच नव्हता. कसंबसं त्या दोन ओळींपाशी पोचलो.

"यात आपोआप कुठलं?"

"खालचं दाब."

दाबलं. फोन बराच वेळ शोधत बसला आणि मग त्याने कंपन्यांची नावं मांडली. त्यातलं एक अम्मांनी निवडलं, तर फोन म्हणे परवानगी नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "खालचं दाब". पुन्हा तीच यादी, पुन्हा तीच नकारघंटा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिम काढून माझ्या फोनात घालते म्हटलं, तर त्यांनी फोनवर हात आडवा ठेवला. "परवाल्लै, राहू दे," म्हणाल्या. राहू दे काय? बहीण तिकडे रोज फोन लावतेय आणि इथे राहू दे? मी त्यांच्यावर ओरडले. सासूवर, भर दुपारी, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल असं.

पुढच्या खेपेला त्या "खालचं" म्हणाल्या आणि मी रागाच्या भरात वरची ओळ दाबली. फुली गेली. एक काडी, दोन, मग सगळ्या.

"आल्या!" मी ओरडले. अम्मांनी नुसती मान हलवली. तमिळ वाचण्यात ज्यांचा हात कुणी धरत नाही, त्यांना वरची आणि खालची ओळ कळली नाही कशी, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फोन टिंगकन वाजला.

फोन लागत नसताना कुणी केला, तर काड्या आल्यावर तसा निरोप येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. डोळ्यांशी धरून वाचला. मग टेबलावर ठेवला.

"कुणाचा?"

"कंपनीचा. रिचार्ज कर म्हणतो."

आम्ही बसून राहिलो. दुसरा निरोप येतो का, म्हणून मीही त्या फोनकडे बघत होते. दिवेलागण झाली, अम्मांनी समई लावली, परत येऊन बसल्या. काड्या भरलेल्याच होत्या.

"तुम्हीच लावा ना एकदा," मी म्हटलं.

त्यांनी पदराने फोनची काच पुसली, जरा वेळ तशीच पुसत राहिल्या.

"नेटवर्क नव्हतं," त्या म्हणाल्या, "तवर ती रोज फोन करूलाली हुती."